३४ सप्तपर्णी आणि आमची खिडकी

सबमिशनचा आठवडा होता. रात्री दीडच्या सुमाराला मी 'स्ट्रक्चर्स'च्या जर्नलमधल्या आकृत्या उतरवून काढत होते. (सर वाचत असतील तर : सगळ्या नाही हो, दोनच.) माझी रूममेट कधीच झोपली होती. एकदम ती उठून बसली. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिने पंप घेतला, थोड्या वेळाने पुन्हा घेतला, पण काही फरक पडेना. मग पळापळ. रेक्टर मॅडमना उठवलं, त्यांनी वॉचमनकाकांना रिक्षा आणायला पिटाळलं, दवाखान्यात तिला नेब्युलायझर लावला. पहाटे चार वाजता आम्ही परत आलो.

गेटातून आत शिरलो आणि तो वास अंगावरच आला. तुम्हाला माहीत आहे मी कुठला वास म्हणतेय. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत हॉस्टेलच्या चौकात संध्याकाळी सातनंतर जो भरून राहतो तो. कुणाला तो अत्तराचा वाटतो, कुणाला वेलदोड्याचा, कुणाला डोकं उठवणारा. रूममेटने नाकावर ओढणी धरली आणि पुटपुटली, "ही झाडं मला एक दिवस मारणार."

दुसऱ्याच दिवशी मेसच्या दारात अर्ज लागला. हॉस्टेलच्या आवारातली सर्व ३४ झाडं तोडावीत, अशी मागणी होती. तिसरी सही माझी होती. आठ दिवसांनी मी ती खोडली. त्यावरून खूप बोलणी खाल्ली, आणि खोलीत तर दोन दिवस अबोला होता. सही का केली हे कुणीच विचारलं नाही, का खोडली हे मात्र सगळ्यांनी विचारलं. त्याचं उत्तर जिन्यात उभं राहून देता येत नाही, म्हणून हा लेख.

झाडाचं नाव सप्तपर्णी. मराठीत सातवीण म्हणतात हे मला आपल्या माळीकाकांकडून कळलं. मी कॉन्व्हेंटमधली. शाळेत आम्हाला सिस्टरनी हे झाड 'डेव्हिल्स ट्री' म्हणून शिकवलं होतं, म्हणजे सैतानाचं झाड! गंमत म्हणजे ते होतं चॅपलच्या मागेच. या झाडात भुतंखेतं राहतात अशी समजूत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे, त्यावरून इंग्रजांनी ते नाव उचललं. आम्हाला भुताची भीती वाटायची, पण वासाबद्दल तक्रार केल्याचं कुणाचं आठवत नाही. सहामाही परीक्षा संपत आली की तो वास यायचा, आणि वास आला की दिवाळीची सुट्टी जवळ आली हे कळायचं. मला तो वास आवडायचा. शाळेत ते झाड एकच होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा आली नव्हती. आता आली.

अर्जावर सही केल्यानंतर मला जरा अपराधी वाटायला लागलं, म्हणून मी या झाडाबद्दल वाचायला घेतलं. (पी.एल.मध्ये अभ्यास सोडून काहीही वाचायला आवडतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.) शास्त्रीय नाव 'अल्स्टोनिया स्कोलॅरिस'. यातलं अल्स्टोनिया हे एडिंबरोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स अल्स्टन यांच्यावरून. आणि स्कोलॅरिस म्हणजे शाळेचं! याचं लाकूड पांढरं, मऊ आणि हलकं. त्याच्या फळ्या करून मुलांना लिहायला पाट्या म्हणून देत. १७६७ मध्ये लिनियसने या झाडाला नाव दिलं तेव्हा ते त्यात आलं. आपण ड्रॉइंग बोर्डावर कितीही राग काढला तरी आपलं आणि या झाडाचं नातं असं जुनं आहे.

हे मूळचं दमट जंगलातलं सदाहरित झाड. आपला सह्याद्री, हिमालयाचा पायथा, श्रीलंका, म्यानमार, पुढे आग्नेय आशिया आणि थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेपर्यंत त्याचा पसारा आहे. जंगलात ते ४० मीटरपर्यंत वाढू शकतं, म्हणजे आपल्या मेन बिल्डिंगच्या डोक्यावरून बरंच वर. पानं एका पेऱ्यावर गोल चक्रासारखी येतात. नाव सप्तपर्णी असलं तरी ती सातच असतील असं नाही. मी आमच्या खिडकीबाहेरच्या फांदीवरची मोजली : पाच, सहा, सहा, सात, पाच, आणि एका ठिकाणी आठ. फांद्याही अशाच चक्राने निघतात, त्यामुळे झाडाला मजल्यासारखे थर दिसतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो कडू असतो, त्यामुळे गाईगुरं आणि शेळ्या तोंड लावत नाहीत.

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे, कारण शहरांत हे झाड एवढं का लावलं गेलं त्याचं अर्धं उत्तर तिथे आहे. रोपाला जनावरं खात नाहीत. ते भराभर वाढतं. खोड सरळ जातं. वर्षभर हिरवं राहतं, म्हणजे उन्हाळ्यात उघडंबोडकं दिसत नाही आणि एकदम पानगळ होऊन झाडूवाल्या मावशींचं काम वाढत नाही. धूळ आणि धूर सहन करतं. नर्सरीत सहज मिळतं. तुम्ही बागकाम खात्यात असता आणि तुम्हाला एक रस्ता दोन-तीन वर्षांत हिरवा करून दाखवायचा असता तर तुम्हीही हेच लावलं असतं. म्हणून दिल्लीत, मुंबईत, पुण्यात, नव्या सोसायट्यांत, हॉस्पिटलांच्या आवारात, आयटी पार्कांत रांगाच्या रांगा दिसतात. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता.

आपल्याकडे १५ वर्षांपूर्वी नवी विंग झाली तेव्हा ही झाडं लावली, असं माळीकाका सांगतात. "साहेबांनी नकाशा दिला, आम्ही खड्डे मारले," एवढंच ते म्हणाले. तो नकाशा मला बघायला मिळाला. इस्टेट ऑफिसात जुन्या ड्रॉइंगच्या गुंडाळ्या असतात, आणि सिव्हिलची मुलगी म्हटल्यावर तिथले काका कौतुकाने दाखवतात. त्या शीटवर इमारतीच्या बाजूने हिरवी वर्तुळं आहेत. सगळी सारख्या आकाराची, सारख्या अंतरावर.

आता इथे आपल्या मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी थोडं थांबून सांगते. ऑटोकॅडमध्ये झाड हा एक 'ब्लॉक' असतो. एकदा काढला की 'ॲरे' अशी कमांड द्यायची, किती हवेत आणि किती अंतरावर ते टाकायचं, एंटर दाबायचं. ३४ झाडं तयार! अर्ध्या मिनिटाचं काम. मीसुद्धा सेकंड इयरच्या बंगल्याच्या ड्रॉइंगला असाच ॲरे मारून पैकीच्या पैकी मार्क घेतले आहेत. सरांनी विचारलं नाही की हे कुठलं झाड, आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. त्या वर्तुळाला वय नसतं, मुळं नसतात. वास तर नसतोच.

मी सर्व्हे लॅबची टेप आणून (नोंद करून आणली आहे, परत केली आहे) प्रत्यक्ष अंतरं मोजली. चौकाच्या तीन बाजूंना भिंतीलगत २२ झाडं आहेत आणि मेसच्या रस्त्याला १२. चौकातल्या दोन झाडांमधलं अंतर सरासरी ३ मीटर. भिंतीपासून खोडापर्यंत अंतर अडीच मीटर. आता त्यांच्या फांद्या एकमेकींत घुसल्या आहेत आणि पहिल्या व दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या गजांना टेकल्या आहेत. म्हणजे फुलांचा गुच्छ आणि माझ्या रूममेटची उशी यांत साधारण दीड मीटर अंतर. फुलं फांदीच्या टोकालाच येतात हेही लक्षात घ्या.

आता वासाचं बघू. ही फुलं हिरवट पांढरी, बारीक, गुच्छांनी येणारी. दिवसा त्यांचा वास जेमतेम. अंधार पडला की सुरू होतो, कारण त्यांचं गिऱ्हाईक रात्रीचं आहे, म्हणजे पतंग वगैरे निशाचर किडे. जंगलाचा विचार करा. सदाहरित जंगलात एका जातीची झाडं कॉलेजच्या परेडसारखी रांगेत उभी नसतात. दहा प्रकारची झाडं ओलांडावी तेव्हा पुन्हा त्याच जातीचं एखादं भेटतं. मधे दाट पानांचा पडदा. अशा ठिकाणी एकट्या झाडाला अंधारात 'मी इथे आहे' हे लांबपर्यंत कळवायचं असतं. एवढा दणकट वास त्या अंतराच्या हिशेबाचा आहे. आपण काय केलं, तर लांबवर ऐकू जाणारे २२ भोंगे आणून तीन भिंतींच्या चौकात, खिडकीपासून हाताच्या अंतरावर बसवले.

त्यात वेळ अशी की शरद ऋतू. पाऊस गेलेला, वारा पडलेला. संध्याकाळी जमीन लवकर गार होते आणि गार हवा खालीच बसून राहते, वर निघून जात नाही. आपला चौक तीन बाजूंनी बंद. ऑक्टोबरचा उकाडा असल्यामुळे खिडक्या उघड्या. फ्लुइड मेकॅनिक्सच्या मॅडमनी याहून चांगलं उदाहरण मागूनही मिळणार नाही.

या वासात जी द्रव्यं आहेत त्यांत लिनालूल नावाचं एक आहे. लव्हेंडरच्या फुलातही तेच असतं. ज्याच्या बाटल्या 'झोप छान लागते' म्हणून भरमसाट किमतीला विकतात, ते लव्हेंडर! म्हणजे थोडं असलं तर औषध, चौकभर असलं तर नेब्युलायझर. दम्याच्या पेशंटला कुठलाही उग्र वास त्रास देऊ शकतो, मग तो अत्तराचा असो, फिनेलचा असो, उदबत्तीचा असो. त्यामुळे "हिला उगाच नाटकं" असं जे काही महाभाग व्हॉट्सॲपवर लिहीत होते त्यांना एवढंच सांगते की त्या रात्री दवाखान्यात मी तिच्याबरोबर होते. तिची नखं मी पाहिली आहेत.

आणि हा वास आजच उग्र झालाय असंही नाही. दहावीला मार्कांसाठी संस्कृत घेतलं होतं, त्याचा आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला. कालिदासाच्या 'रघुवंशा'त चौथ्या सर्गात रघू दिग्विजयाला निघतो तो शरद ऋतूतच. तिथे सप्तपर्णाच्या फुलांचा वास हत्तीच्या मदासारखा येतो आणि रघूचे हत्ती, जणू कुणी दुसरा हत्ती समोर आलाय अशा ईर्ष्येने, बिथरतात. म्हणजे तक्रार दीड हजार वर्षं जुनी आहे. (हे वाक्य रूममेटला दाखवूनच छापायला दिलं आहे. तिने हत्तीची तुलना मान्य केली, मेसच्या एका प्लेट मिसळीच्या बदल्यात.)

एवढं असूनही लोकांनी हे झाड जवळ ठेवलं. बंगालमध्ये याला छातिम म्हणतात, ते तिथलं राज्यवृक्ष आहे. देवेंद्रनाथ टागोर ज्या छातिमच्या सावलीत बसले, तिथे पुढे शांतिनिकेतन उभं राहिलं. त्या जागेला आजही छातिमतला म्हणतात, आणि विश्वभारतीच्या पदवीदान समारंभात सप्तपर्णीची पानं देण्याची प्रथा आहे. आपल्याला डिग्रीबरोबर काय मिळतं? फाईल आणि फोटोचं बिल. असो. माझी एक वर्गमैत्रीण मंगळूरची, तुळू बोलणारी. त्यांच्याकडे आषाढातल्या अमावास्येला पहाटे या झाडाची साल दगडाने ठेचून आणतात, तिला लोखंड लावत नाहीत, आणि तिचा कडूजहर काढा घरातले सगळे रिकाम्या पोटी घेतात. वर्षाचा आजार जातो म्हणे. (कृपया चौकातल्या झाडांवर प्रयोग करू नये. साल नीट ओळखता आली नाही तर भलतंच काही पोटात जाईल.)

हे सगळं वाचून मी भारावून गेले आणि सही खोडली, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. कालिदासाने लिहिलं म्हणून माझ्या मैत्रिणीने खोकत राहावं असं मला मुळीच वाटत नाही. सही खोडली त्याचं कारण वेगळं होतं. तोडल्यानंतर तिथे काय लावणार आहेत ते मला कळलं.

अर्जावर मीटिंग झाली. प्रतिनिधी म्हणून मीही होते. झाडं तोडायला सगळ्यांची पटकन मान्यता मिळाली. मग एका कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन फिरवलं गेलं. त्यात होतं : कोनोकार्पस, १०० रोपं, दीड मीटर अंतरावर, कंपाउंड व चौकाच्या कडेने, 'दाट हिरवी भिंत, जलद वाढ, कमी देखभाल'. पुन्हा एक वर्तुळ, पुन्हा ॲरे, फक्त अंतर अर्धं!

कोनोकार्पस म्हणजे काय ते ज्यांना माहीत नसेल त्यांनी कुठल्याही नव्या हायवेच्या डिव्हायडरवर बघावं. आपल्याकडचं झाड नाही ते, परदेशातल्या समुद्रकाठचं. झटकन वाढतं, हिरवंगार राहतं, कापाल तसा आकार घेतं. पण गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कारणं दिली ती दोन : त्याच्या परागांमुळे सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी यांचा त्रास, आणि मुळांमुळे जमिनीखालच्या केबल, ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनींचं नुकसान. म्हणजे दम्याच्या पेशंटसाठी आपण सप्तपर्णी तोडणार आणि तिच्या जागी ज्याच्यावर दम्याच्याच कारणासाठी शेजारच्या राज्यात बंदी आहे ते शंभर नग लावणार! मी हे मीटिंगमध्ये बोलले. उत्तर आलं, "इथे बंदी नाही ना?"

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण झाडाला दोष देतोय आणि रांगेला सोडून देतोय. जे झाड शाळेच्या मागे एकटं होतं तेव्हा दिवाळीची वर्दी देत होतं, तेच २२ वेळा कॉपी-पेस्ट केल्यावर लोकांना दवाखान्यात पाठवतं. उद्या तिथे रातराणी २२ लावा, तोच प्रकार होईल. परवा दुसरं काही लावाल, त्याला एकच कीड लागली की सगळी एकदम झोपतील. स्ट्रक्चरच्या पेपरात आपण 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' काढल्याशिवाय एक बीमसुद्धा टाकत नाही. मग जिवंत वस्तू लावताना आपली अक्कल एकाच रोपाच्या शंभर कॉप्यांवर का थांबते?

यावर रूममेटने मला जे विचारलं ते सांगणं भाग आहे, कारण लेखात तिचीही बाजू यायला हवी. अबोला संपल्यावर ती म्हणाली, "तू टेप घेऊन अंतरं मोजतेस, पुस्तकं वाचतेस, सगळं छान आहे. पण पुढच्या ऑक्टोबरात मी कुठे झोपू?" याला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. सही खोडताना मी हा विचार पुरेसा केला नव्हता, हे मी मान्य करते. माझ्या फुप्फुसांना काही होत नाही, त्यामुळे मला झाडांबद्दल मोठ्या मनाने बोलणं सोपं आहे.

मग आम्ही दोघींनी माळीकाकांना गाठलं. काका या आवारात झाडांइतकेच जुने. त्यांनी चौकात फेरी मारून आधी आमचीच हजेरी घेतली. "बाई, तेव्हाच मी साहेबांना म्हटलं होतं, जवळ होतात. माळ्याचं कोण ऐकतं?" मग म्हणाले, सगळी कशाला काढता, खिडकीत घुसलेली काढा, बाकीची मोकळी होतील. आणि राहतील त्यांचे शेंडे पावसाळ्याच्या शेवटी छाटले तर त्या वर्षी फुलोरा कमी येईल. फुलं टोकाला येतात ना, टोकच नाही तर फूल कुठून येणार! ही गोष्ट मला तीन रात्री वाचून सुचली नव्हती.

त्यावरून आम्ही तिघांनी मिळून जे ठरवलं ते असं. चौकातल्या २२ पैकी भिंतीच्या आतल्या कोपऱ्यातली १६ झाडं काढावीत. चौकाच्या उघड्या तोंडाशी असलेली सहा ठेवावीत, तिथे वारा खेळतो आणि खिडक्याही लांब आहेत. मेसच्या रस्त्यावरच्या १२ झाडांना हात लावू नये. त्या सावलीत आपण दुपारी टिफिन घेऊन बसतो, आणि तिथे कुणी झोपत नाही (शेवटच्या बाकावरचे सोडून). म्हणजे १८ राहतील. राहतील त्यांची छाटणी दरवर्षी सप्टेंबरात काकांच्या देखरेखीखाली व्हावी, कॉन्ट्रॅक्टरच्या करवतीने बुंध्यापर्यंत नव्हे.

परवानगीचा मुद्दा कुणी काढलाच नाही म्हणून मी काढते. आपलं कॉलेज महापालिकेच्या हद्दीत आहे. महाराष्ट्रात १९७५ चा झाडं जतन करण्याचा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते आपल्याच आवारातलं का असेना. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर जेवढं झाडाचं वय तेवढी नवी झाडं लावायची असा हिशेब आहे. ३४ झाडं, प्रत्येकी १५ वर्षं, म्हणजे ५१० रोपं. ती कुठे लावणार, क्रिकेटच्या पिचवर? १६ झाडांची होतात २४०. तीही थोडी नाहीत, पण मागच्या टेकडीच्या उतारावर आणि वर्कशॉपमागच्या रिकाम्या जागेत बसतील.

ती २४० कुठली असावीत यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे. माझी यादी : बकुळ, सीताअशोक, ताम्हण, करंज, कडुनिंब, जांभूळ, आणि हो, टेकडीवर लांब एक-दोन सातविणीसुद्धा. ताम्हण तर आपलं राज्यफूल आहे आणि आपल्या आवारात एकही नाही! सीताअशोकही सह्याद्रीच्या ओल्या जंगलातलाच, सदाहरित आणि सावकाश वाढणारा. आपण गेटापासून ऑफिसपर्यंत जे उंच शेंड्याचे 'अशोक' लावलेत तो खरा अशोक नव्हेच, पण ते दुसऱ्या लेखाचं भांडण झालं. काकांना जांभूळ चालत नाही, कारण फरश्यांवर डाग पडतात आणि पोरं दगड मारतात. रूममेटची अट एकच आहे : चौकात रात्री फुलणारं काहीही नको. ही अट मी लिहून घेतली आहे.

आणि ऑक्टोबरचा प्रश्न. झाडं काढायला परवानगी येईपर्यंत महिने जातील. तोवर ज्या मुलींना दम्याचा त्रास आहे (चौकशी केली तर तीन विंगमध्ये मिळून सात निघाल्या, आम्हाला वाटलं होतं एकच) त्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन महिने मागच्या विंगमध्ये खोल्या बदलून द्याव्यात. तिथल्या खिडक्या ग्राउंडकडे उघडतात. मागच्या विंगमधल्या सात जणींना पुढे यावं लागेल. मी पहिलं नाव देते, म्हणजे रूममेट तिकडे आणि मी इथेच, नव्या पार्टनरबरोबर. रेक्टर मॅडमनी तोंडी 'बघू' म्हटलं आहे. त्यांच्या 'बघू'चा अर्थ हॉस्टेलमधल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लेखी अर्ज हवा.

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर सप्तपर्णीच्या हातभर लांब, दोरीसारख्या लोंबणाऱ्या शेंगा तडकून रुईच्या म्हातारीसारख्या बिया चौकभर उडत असतील, मेसच्या वरणातही एखादी येईल. नवा अर्ज मेसच्या दारातच, जुन्याच्या शेजारी लावला आहे. जुन्यावर १४३ सह्या आहेत, त्यातली एक खोडलेली. नव्यावर आज सकाळपर्यंत ११. त्यातली दुसरी रूममेटची आहे. खाली तिने पेनने जोडलं आहे, 'सप्टेंबरात छाटणी झाली नाही तर मी जुन्या अर्जावर परत जाईन.' इस्टेट ऑफिसरांबरोबरची मीटिंग सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी, सकाळी अकराला आहे. टेप मी आणते.